बोटीवरची बक्षिशी आणि आमची धास्ती

बोटीवर दहा वर्षं काढलेला माणूस गावी परतला, की लोक पहिल्यांदा समुद्राबद्दल विचारतात. आता काय सांगायचं? आम्हाला समुद्र दिसायचा तो दुसऱ्याच्या खिडकीतून, तोही काच पुसताना. आम्ही केबिन स्टुअर्ड. मोठ्या क्रूझ बोटीवर पाहुण्यांच्या खोल्या आवरायच्या, चादरी ताणायच्या, न्हाणीघर घासायचं. एकेकाकडं अठरा खोल्या. दर आठवड्याला नवी माणसं यायची आणि जाताना प्रत्येक जण काहीतरी ठेवून जायचा. कुणी बक्षिशी, कुणी वस्तू, कुणी नुसता दोन ओळींचा कागद. पैसे घरी लागले, वस्तू वाटून संपल्या. किस्से तेवढे साठत राहिले, कारण ते कुणी मागायलाच आलं नाही.

आम्ही तिघं. मी सदाशिव, गडमुडशिंगीचा. आधी कोल्हापुरात स्टँडजवळच्या एका लॉजवर रूम बघायचो. अण्णाप्पा हातकणंगल्याचा, जैन घरातला, हॉटेलचा कोर्स केलेला. आणि बसवराज, म्हणजे आमचा बसू, कबनूरचा. घरात कापडाचे माग, बोलणं कानडी. नव्वदच्या दशकात मुंबईच्या एकाच एजंटाकडून आम्ही तिघं एकाच बोटीवर लागलो. आता तिघंही कायमचे गावाकडं आलोय. रविवारी अण्णाप्पाच्या दुकानामागं जमलो की हे किस्से निघतात. ऐकणारे हसतात, आम्हीही हसतो. पण त्या वेळी हसू आलं नव्हतं. बक्षिशीनं आम्हाला जेवढं घाबरवलंय तेवढं समुद्रानंही घाबरवलं नाही.

*

घाबरायला सुरुवात पहिल्याच दिवशी झाली. आमचे सुपरवायझर डिसोझासाहेब गोव्याचे. हळू बोलायचे, त्यामुळं जास्तच भीती वाटायची. त्यांनी आम्हाला उभं केलं आणि दोन नियम सांगितले.

"पाहुण्यानं वस्तू दिली तर त्याच्या सहीची चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठी नसेल तर ती वस्तू चोरीची. चोरी म्हणजे पुढच्या बंदरात उतरून घरी."

आणि दुसरा, "क्रूच्या खोलीत दारूची बाटली सापडली, तरी घरी."

अण्णाप्पानं दुसरा नियम ऐकून सोडून दिला. ज्याच्या घरात कांदा शिजत नाही त्याला दारूचं काय?

तिसऱ्या आठवड्यात एका स्कॉटिश म्हाताऱ्यानं उतरताना अण्णाप्पाला व्हिस्कीची बाटली दिली. वर सहीची चिठ्ठीही दिली, अगदी नियमाप्रमाणं. 'ही बाटली मी अण्णाप्पाला प्रेमानं देत आहे.' म्हातारा गेला. अण्णाप्पा कॉरिडॉरमध्ये बाटली घेऊन उभा. पहिल्या नियमानं बाटली त्याची, दुसऱ्या नियमानं तो घरी.

कचऱ्यात टाकावी तर चिठ्ठीवर नाव. खोलीत न्यावी तर तपासणी. शेवटी त्यानं ती स्वच्छ टॉवेलात गुंडाळली, छातीशी धरली आणि डिसोझासाहेबांच्या ऑफिसकडं निघाला. लिफ्टचं दार उघडलं तर आत कॅप्टन.

कॅप्टननं टॉवेलाकडं बघितलं, अण्णाप्पाच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "आत बाळ आहे का?"

अण्णाप्पानं नुसता टॉवेल बाजूला केला आणि चिठ्ठी पुढं धरली. कॅप्टननं चिठ्ठी वाचली, बाटली काढून घेतली आणि टॉवेल परत दिला.

अण्णाप्पा आजही सांगतो, "आयुष्यात एकदाच बाटली हातात धरली गा. आणि धरली ती कवटाळूनच."

*

आम्ही तिकडं भ्यायचो ते ठीक. पण आमच्या पाहुण्यांच्या आभारांनी घरचीही माणसं घाबरायची.

बसूच्या हाताला जादू होती. खोली आवरून झाली की तो टॉवेल दुमडून त्याचा हत्ती, माकड, बदक करायचा आणि गादीवर ठेवायचा. मागाच्या घरातला पोरगा, कापड त्याचं ऐकायचं. एका आजींना ते इतकं आवडलं, की त्यांनी त्याचा घरचा पत्ता लिहून घेतला. पुढं काय होणार हे बसूला काय माहीत?

दोन महिन्यांनी कबनूरला बसूच्या घरी पाकीट आलं. परदेशी तिकीट, आत टाइप केलेलं इंग्रजी पत्र. बसूच्या आईला, अव्वाला, वाचता येत नव्हतं. पण पत्र बोटीवरच्या मुलाकडचं नाही, अक्षर त्याचं नाही, आणि छापील आहे, एवढं तिला समजलं. छापील पत्र म्हणजे सरकारी. सरकारी पत्र कशासाठी येतं?

तिनं माग बंद करायला लावले. बसूचे वडील सांगायचे, की त्या घरात दिवसाउजेडी माग बंद पडले ते फक्त मयताच्या वेळी. माग थांबले म्हणून गल्ली जमली. बायका येऊन बसल्या. बसूच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, पत्र पदराखाली धरलं आणि सगळे मिळून हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांकडं गेले.

सरांनी चष्मा लावला. आधी सगळं मनात वाचलं. बसूची आई उंबऱ्यावर बसून होती. ती म्हणाली, "सर, काय असंल ते एकदम सांगा. हळूहळू सांगू नका."

सर म्हणाले, "अव्वा, पोरगं खुशाल हाय. एका बाईनं लिवलंय. तुमचा मुलगा टॉवेलाचे फार सुंदर हत्ती करतो, असा मुलगा वाढवल्याबद्दल तुमचे आभार."

अव्वा रडली. गल्लीतल्या बायकाही रडल्या. मग तिनं डोळे पुसले आणि सरांना विचारलं, "सात समुद्र ओलांडून हत्ती करायला गेलाय व्हय त्यो?"

*

आता माझी पाळी. बोटीवर कमेंट कार्ड असायचं. पाहुणा जाताना आमच्याबद्दल त्यावर चांगलं-वाईट लिहायचा. पैशाच्या पाकिटापेक्षा आम्ही त्या कार्डाला जास्त भ्यायचो. चांगलं लिहिलं तर पुढचा करार, वाईट लिहिलं तर गाव.

एकदा भर दुपारी समुद्र उसळला. बोट अशी वाकायला लागली, की कॉरिडॉरमध्ये माझी ट्रॉली माझ्याशिवायच चालली. एका खोलीतून हाक आली. आत ऐंशीच्या घरातली बाई, एकटीच, पलंगाची कड धरून बसलेली.

"हे नेहमीचं आहे का?" तिनं विचारलं.

"एकदम नेहमीचं, मॅडम," मी म्हणालो. मला येऊन फक्त पाच आठवडे झाले होते. त्याआधी गडमुडशिंगीच्या विहिरीपलीकडं मी पाणी बघितलेलं नव्हतं.

"मग थोडा वेळ बसशील?"

मी दार उघडं ठेवून खुर्चीवर बसलो. तिनं हात पुढं केला, मी धरला. टेबलावरचा पेला घरंगळत जाऊन फुटला. मी हसून म्हणालो, "काही नाही, मॅडम." मनात आईचं नाव घेत होतो. कपाटाचं दार आपटलं, मी पुन्हा हसलो. तासाभरानं समुद्र शांत झाला. बाईनं हात सोडला तेव्हा माझ्या बोटांचे वळ तिच्या मनगटावर होते. ते बघून वाटलं, ही आता लिहिणार.

आठवड्याच्या शेवटी डिसोझासाहेबांनी सकाळच्या मीटिंगमध्ये सत्तर जणांसमोर माझं नाव पुकारलं. हातात कार्ड. त्यांनी हळू आवाजात वाचलं, "सदाशिव माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. तरी तो उठून गेला नाही. त्याला धीर देता देता माझी भीती गेली. त्याला पगारवाढ द्यावी."

पगारवाढ मिळाली नाही. पुढचा करार मिळाला.

*

बसूच्या घड्याळाचा किस्सा मात्र तो स्वतः कधी सांगत नाही. मीच सांगतो, आणि तो उठून चहाचं बघायला जातो.

बसूच्या खोल्यांत एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा फार प्रेमळ. रोज बसूचं नाव नव्यानं विचारायचे. उतरायच्या सकाळी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि बसूच्या हातात बांधलं. जुनं, किल्लीचं, भारी घड्याळ. बसू "नको, नको" म्हणत होता, तोवर बाहेर सामान न्यायला माणसं आली आणि गर्दीत जोडपं निघून गेलं. चिठ्ठी घ्यायची राहिली.

बसूच्या लक्षात आलं तेव्हा बोट सुटली होती. तो आमच्या खोलीत आला तो पांढराफटक.

"चिठ्ठी न्हाय," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रूच्या खोल्यांची तपासणी असल्याची पाटी लागली. बसू म्हणाला, "समुद्रात टाकतो."

अण्णाप्पानं त्याचा हात धरला. "टाकलंस की चोर झालास. आत्ता तू चोर न्हाईस. जा, स्वतः जाऊन दे."

बसू सिक्युरिटीच्या ऑफिसात गेला, टेबलावर घड्याळ ठेवलं आणि सगळं सांगितलं. सिक्युरिटीच्या साहेबानं ऐकून घेतलं आणि पाहुण्यांच्या घरी फोन लावायला सांगितला. दोन दिवसांनी फोन लागला. आजींनी उचलला. त्या म्हणाल्या, "घड्याळ सापडलं? देवाची कृपा. हे सारखे विचारतायत, माझं घड्याळ कुणी घेतलं."

साहेबानं विचारलं, "तुमच्या पतीनं कुणाला भेट दिलं होतं का?"

आजींनी आत विचारलं. आजोबांचा आवाज फोनवर ऐकू आला, "नाही."

पुढच्या बंदराला बसूला उतरवायचं ठरलं. तिथं पोचायला पाच दिवस. त्याची कामं काढून घेतली. तो खोलीत बसून राहायचा. आम्ही जेवण न्यायचो, तसंच परत यायचं. कबनूरला काय सांगायचं, हा एकच विषय. "चोरी केली म्हणून पाठवला, हे अव्वाला कळलं तर ती माग बंद न्हाय करणार," तो म्हणाला, "स्वतः बंद हुईल."

चौथ्या दिवशी बोटीच्या ऑफिसात फॅक्स आला. आजींनी सहलीच्या फोटोंचा रोल धुवायला टाकला होता. त्यातला एक फोटो त्यांनी काळ्या-पांढऱ्या फॅक्समध्ये पाठवला होता. नीट दिसत नव्हता, पण पुरेसं दिसत होतं. आजोबा वाकून बसूच्या हातात घड्याळ बांधतायत आणि बसू दुसऱ्या हातानं नको म्हणतोय. फोटो आजींनीच काढलेला. सामानाच्या गडबडीत त्यांच्या लक्षातून गेला होता.

खाली त्यांनी लिहिलं होतं, 'माझे पती आता बऱ्याच गोष्टी विसरतात. घड्याळ त्यांनी दिलं, ते तुझंच आहे. हे रोज घड्याळ शोधतात. मी त्यांना सांगते, की ते एका चांगल्या माणसाकडं आहे.'

बसूला काम परत मिळालं. डिसोझासाहेबांनी त्याच्यासमोर हात जोडले, मी स्वतः बघितलं. घड्याळ आजही बसूच्या कपाटात आहे. त्याला किल्ली देतो, पण हातात बांधत नाही.

*

एक छोटा. एका कुटुंबानं मला डबा दिला, चिठ्ठीसकट. सुट्टीवर येताना तो तसाच बॅगेत टाकला. दोन हजारनंतरचा काळ, विमानतळांवर कडक तपासण्या सुरू झालेल्या. मुंबईत डबा उघडला तर आत पांढरी भुकटी. मला बाजूला घेतलं, बसवलं, पासपोर्ट काढून घेतला. हे काय आहे, असं विचारलं तर मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हटल्यावर त्यांचे चेहरे बदलले. दोन तास घामानं भिजलो. शेवटी एक मोठे साहेब आले, आमच्याच कोल्हापूर भागातले. पासपोर्ट बघून म्हणाले, "गडमुडशिंगी? मग खा बघू थोडं."

मी मूठभर खाल्लं. साहेबांनी अर्धा तास माझ्यासमोर बसून मी जिवंत राहतो का ते बघितलं. ते केक करायचं तयार पीठ होतं. घरी बायकोनं, सुमननं, त्यात मिरची घालून थालीपीठं लावली. गोड झाली.

*

आता शेवटचा. हा मी सारखा सांगत नाही.

माझ्या खोल्यांपैकी एकीत पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ होते. दोघांची खोली, राहणारे एकटे. सात दिवसांची सहल. रोज सकाळी भेटले की माझं पूर्ण नाव घ्यायचे. बाकी सगळे मला सॅडा म्हणायचे, हे मात्र 'सदाशिव' म्हणायचे, जमेल तसं. गाव कुठलं, घरी कोण कोण, सगळं विचारलेलं. स्वतःबद्दल काही बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी बोट दिवसभर समुद्रात होती. सकाळी अकराच्या सुमाराला मी त्यांच्या खोलीत गेलो. गादी कुणी झोपलंच नाही अशी. उशीवर पाकीट, त्यावर माझं नाव. आत मी एकदम कधी बघितल्या नव्हत्या तेवढ्या नोटा, आणि एक ओळ. 'तू चांगला वागलास. हे सगळं तुझ्या घरासाठी.'

पहिल्या क्षणी आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग वाटलं, टिप लोक शेवटच्या दिवशी देतात. आज चौथाच दिवस.

मी खोलीभर बघितलं. बॅग बंद करून दारापाशी ठेवलेली. तिच्यावर घरचा फोन नंबर लिहिलेली नवी चिठ्ठी. टेबलावर चष्मा. चष्म्याशेजारी खोलीची चावी. चावीशिवाय माणूस खोलीत परत कसा येणार?

खोलीतल्या फोनवरून मी डिसोझासाहेबांना फक्त जे दिसलं ते सांगितलं. ते म्हणाले, "मी माणसं पाठवतो. तू पळ." पाहुण्यांच्या डेकवर आम्हाला विनाकारण जायला बंदी होती. मी पाकीट आणि चावी घेतली आणि युनिफॉर्मवर पळालो. पोहण्याचा तलाव, वाचनाची खोली, जेवणाचा हॉल. लोक नाचत होते, खात होते. कुठंच नाहीत. शेवटी सगळ्यात मागच्या, खालच्या डेकवर गेलो. तिथं वारा फार, म्हणून कुणी बसत नसे.

ते कठड्याला दोन्ही हात लावून उभे होते.

मी हाक मारली. त्यांनी वळून बघितलं. माझं सगळं इंग्रजी पळून गेलं. जे सुचलं ते मोडकंतोडकं बोललो.

"सर, हे आज चालत नाही."

"काय?"

मी पाकीट पुढं केलं. "टिप. शेवटच्या दिवशीच घ्यायची. आज घेतली तर माझी नोकरी जाईल."

असा कुठलाही नियम नव्हता.

"ठेव," ते म्हणाले. "कुणाला कळणार नाही."

"नाही सर. शेवटच्या दिवशी द्या. तुमच्या हातानं."

वाऱ्यानं पाकीट फडफडत होतं. माझा हात भरून आला, पण मी खाली घेतला नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"आज कितवा दिवस?" त्यांनी विचारलं.

"चौथा, सर. अजून तीन आहेत."

त्यांनी कठड्यावरचा एक हात काढला आणि पाकीट घेतलं. मी दुसऱ्या हातात चावी दिली. तोवर डिसोझासाहेब आणि बोटीचे डॉक्टर जिन्यावर येऊन थांबले होते. आम्ही सगळे बरोबर चालत आत गेलो. डॉक्टर त्यांच्याशी बराच वेळ बोलत बसले. डिसोझासाहेबांनी बॅगेवरच्या नंबरला फोन लावून दिला.

पुढचे तीन दिवस डॉक्टर रोज येत होते, आणि मी दर तासाला काहीतरी कारण काढून दार वाजवत होतो. बर्फ, फळं, टॉवेल. दार उघडेपर्यंत माझा जीव जागेवर नसायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "सदाशिव, माझ्याकडं आता अकरा टॉवेल आहेत."

"बारावा पण ठेवा, सर," मी म्हणालो.

सातव्या दिवशी सकाळी बोट बंदराला लागली. कॉरिडॉरमध्ये सामानाची गर्दी. मी त्यांच्या दारासमोर चादरींचा गठ्ठा धरून उभा होतो. ते बाहेर आले. चष्मा लावलेला, हातात बॅग. धक्क्यावर त्यांची मुलगी घ्यायला आली होती, असं मला नंतर कळलं. त्यांनी कोटाच्या आतून पाकीट काढलं. कोपरा दुमडला होता.

"आज शेवटचा दिवस ना?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून मराठीच बाहेर पडलं. "व्हय."

त्यांनी कळल्यासारखी मान हलवली आणि पाकीट माझ्या हातात दिलं.